आजारपणातलं आरोग्य मोजणारी संशोधक

१९९३ हे साल मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराच्या इतिहासात कायमचं नोंदलं गेलं आहे. त्या वर्षी जुलै महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं इंटरफेरॉन बीटा-१बी या इंजेक्शनला मान्यता दिली. आजाराचे झटके कमी करणारं हे पहिलंच औषध. पुरवठा तोकडा आणि मागणी अफाट, म्हणून सुरुवातीला ते कोणाला मिळणार हे ठरवण्यासाठी रुग्णांची चक्क सोडत काढावी लागली. इतकी वर्षं डॉक्टरांकडून ‘यावर काही उपाय नाही’ एवढंच ऐकलेली माणसं एका चिठ्ठीवर आशा लावून बसली होती.

त्याच वर्षी आणखी दोन गोष्टी घडल्या. त्यांची बातमी झाली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये १९८६ पासून नर्सिंग संशोधनाचं एक छोटं केंद्र होतं. १९९३ मध्ये त्याला पूर्ण संस्थेचा दर्जा मिळाला आणि नर्सच्या प्रश्नांवर संशोधन करायला हक्काचा निधी उभा राहिला. दुसरी गोष्ट टेक्ससमधल्या ऑस्टिनची. तिथल्या विद्यापीठातल्या हेदर बेकर, अलेक्सा स्टाइफबर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. अपंगत्व असलेल्या माणसानं प्रत्येक विधानापुढे शून्य ते चार यांपैकी एक आकडा लिहायचा. स्वतःला झेपेल असा व्यायाम मी करू शकतो का? परवडेल असं पौष्टिक अन्न मिळवू शकतो का? मनावरचा ताण हलका करता येतो का? डॉक्टरांशी बोलताना मला हवं ते विचारून घेता येतं का? अशा स्वरूपाची ती विधानं. रोग किती आहे, हे त्यात कुठंच विचारलेलं नव्हतं. माणूस स्वतःची काळजी घ्यायला किती समर्थ आहे असं त्याला स्वतःला वाटतं, हे त्यात मोजलं होतं.

इंटरफेरॉनचं महत्त्व वादातीत आहे. पण मला वाटतं, या २८ विधानांचं मोलही आपण ओळखायला हवं. आजारी माणसाच्या अंगात शिल्लक असलेलं आणि वाढवता येण्याजोगं आरोग्य मोजण्याचा तो गंभीर प्रयत्न होता. स्टाइफबर्गन यांनी पुढची दोन-अडीच दशकं याच कामाला दिली.

या कामाची गरज का होती, हे कळण्यासाठी आजार आधी समजून घ्यावा लागेल. मेंदू आणि मज्जारज्जूमधल्या मज्जातंतूंभोवती मायलिन नावाचं मेदयुक्त आवरण असतं. ते सलग नसतं, मध्ये मध्ये सूक्ष्म फटी असतात. संदेश या फटींवरून उड्या घेत जातो, म्हणून जाड मायलिनयुक्त तंतूतून तो सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगानं धावू शकतो. आवरण नसलेल्या बारीक तंतूत हाच वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर असतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे एमएसमध्ये, शरीराची प्रतिकारशक्ती याच आवरणावर उलटते. जिथं जिथं हल्ला होतो तिथं व्रण उरतात. व्रण कुठं पडेल याला धरबंध नसतो, त्यामुळे लक्षणांनाही नसतो. एकीला आठवडाभर एका डोळ्यानं धूसर दिसतं, दुसरीचा पाय बधिर होतो, तिसऱ्याचा तोल जातो, चौथ्याला लघवीवर ताबा ठेवणं जमत नाही. बहुतेकांमध्ये झटका येतो, ओसरतो आणि पुन्हा कधीतरी येतो. पुढच्या टप्प्यात पुष्कळांचं अपंगत्व हळूहळू साचत जातं. निदान बहुधा विशी ते चाळिशीत होतं आणि पुरुषांच्या मानानं स्त्रियांमध्ये हा आजार दुपटीहून अधिक आढळतो. म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न, मुलंबाळं या सगळ्याच्या ऐन मध्यावर तो येऊन बसतो आणि तिथून पुढे तीस-चाळीस वर्षं मुक्काम करतो. जगभरात २०२० च्या गणनेनुसार अशी सुमारे २८ लाख माणसं होती. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींवरून दिसून आलं, की एप्स्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. पण हा विषाणू बहुतेक सगळ्या माणसांना कधी ना कधी गाठतोच. त्यातल्या मोजक्यांनाच एमएस का होतो, या कोड्याचा अर्धा भाग अजून सुटायचा आहे.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तें शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन केलं आणि त्याला स्वतंत्र ओळख दिली. उपचार म्हणून त्यांनी सोनं, चांदी, स्ट्रिक्नीन असं काय काय वापरून पाहिलं. गुण कशानंच आला नाही. विसाव्या शतकात स्टेरॉइडमुळे झटक्याचा काळ कमी करता येऊ लागला, पण रोगाची पुढची चाल मात्र थांबत नव्हती. मज्जाविकारतज्ज्ञ निदान करत, नाव सांगत आणि रुग्णाला घरी पाठवत. यात डॉक्टरांच्या काळजाचा दोष नव्हता, त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं. घरी गेल्यावर त्या माणसानं काय करायचं, हा प्रश्न कोणाच्याच खात्यात नव्हता. तो नर्सनी आपल्या खात्यात घेतला.

त्याची सुरुवात दवाखान्यांतून झाली. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लेब शाइनबर्ग या मज्जाविकारतज्ज्ञांनी एमएसच्या रुग्णांसाठी एकाच छताखाली सर्व सेवा देणारं केंद्र चालवलं. डॉक्टर, नर्स, भौतिकोपचारतज्ज्ञ, समाजसेविका अशी सगळी मंडळी तिथं एकत्र काम करत. नॅन्सी हॉलंड या परिचारिका त्या घडणीत होत्या. शेजारच्या न्यू जर्सीत जून हॅल्पर यांनी तसंच केंद्र उभारण्यात पुढाकार घेतला. या दोघींनी मिळून १९९७ मध्ये एमएसच्या शुश्रूषेवर ग्रंथ संपादित केला. त्याच वर्षी एमएस नर्सची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि २००२ पासून या शाखेची स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली. इंटरफेरॉन आल्यावर तर या परिचारिकांवाचून पान हलेना. दिवसाआड स्वतःच्याच मांडीत सुई टोचायची, त्यानंतर ताप आणि अंगदुखी सोसायची आणि तरीही वर्षानुवर्षं चालू ठेवायचं, हे नुसत्या चिठ्ठीवर लिहून होत नाही. शेजारी बसून शिकवणारं माणूस लागतं.

स्टाइफबर्गन यांचा मार्ग याला समांतर, पण वेगळा. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात त्या नर्सिंगच्या प्राध्यापक होत्या आणि पुढे दहाहून अधिक वर्षं नर्सिंग महाविद्यालयाच्या डीन. त्यांनी हाती घेतलं ते मोजमापाचं काम. नर्सिंग म्हटलं की आपल्याला माया आणि सेवा आठवते. आकडे आठवत नाहीत. खरं तर फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या होत्या. क्रायमियन युद्धातल्या लष्करी इस्पितळांत सैनिक कशानं मरतात, हे त्यांनी तक्त्यांतून सरकारला पटवून दिलं होतं. तीच परंपरा स्टाइफबर्गन यांनी पुढे नेली असं मी मानतो.

एमएस मोजायची पट्टी तेव्हा होतीच. जॉन कुर्ट्झके या अमेरिकी मज्जाविकारतज्ज्ञांची. १९५५ मध्ये त्यांनी ती पहिल्यांदा मांडली आणि १९८३ मध्ये विस्तारली. शून्य म्हणजे तपासणीत काहीच दोष नाही, दहा म्हणजे या आजारानं मृत्यू. मधल्या पायऱ्या अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या. सहा म्हणजे शंभर मीटर चालायला काठी लागते, सातच्या आसपास चाकाची खुर्ची येते. आजही औषधांच्या चाचण्या याच पट्टीवर चालतात आणि तिच्याशिवाय आजची औषधं सिद्ध झालीच नसती. पण चारच्या पुढे ही पट्टी जवळजवळ फक्त चालणं मोजते. दुपारी दोन वाजता अंगातलं त्राण गळून जाणं तिच्यात उतरत नाही. वाक्य अर्ध्यावर असताना शब्द हरवणंही नाही. सहा गुणांवरचे दोन रुग्ण घ्या. एक नोकरी करते, मैत्रिणींत मिसळते, आठवड्यातून तीनदा पोहते. दुसरी पडदे लावून घरात बसून आहे. पट्टीच्या लेखी दोघी सारख्याच.

हा फरक कशानं पडतो, हा स्टाइफबर्गन यांचा प्रश्न. वरवर साधा वाटतो, पण त्याच्या पोटात एक धाडसी गृहीतक आहे. आरोग्य आणि आजार ही एकाच रेषेची दोन टोकं नव्हेत. बरा न होणारा आजार असलेल्या माणसालाही स्वतःचं आरोग्य असतं आणि ते वाढवता येतं. नोला पेंडर या अमेरिकी परिचारिका-संशोधिकेनं १९८२ मध्ये आरोग्यसंवर्धनाचं प्रारूप मांडलं होतं. माणसं आपण होऊन चांगल्या सवयी का लावून घेतात, हे त्यात उलगडलेलं होतं. पण ते लिहिलं गेलं होतं मुख्यतः धडधाकट माणसांसाठी. स्टाइफबर्गन यांनी ते जुनाट, अपंगत्व आणणाऱ्या आजारांकडे वळवलं. त्याला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांच्या स्व-सामर्थ्याच्या कल्पनेची जोड मिळाली. ‘हे मला जमेल’ हा विश्वासच माणसाला पुढचं पाऊल टाकायला लावतो, अशी ती कल्पना.

स्टाइफबर्गन यांनी आधी ऐकून घेतलं. एमएस असलेल्या लोकांच्या सविस्तर मुलाखतींवरचे त्यांचे आणि एस. रॉजर्स यांचे लेख १९९७ मध्ये आले. त्यांतला एक थकव्यावर आहे. एमएसचा थकवा म्हणजे दमणूक नव्हे. रात्रभर झोपून उठल्यावरही तो असतो, कष्टांच्या प्रमाणात येत नाही आणि बाहेरून दिसत तर मुळीच नाही. ‘छान दिसतेस की!’ हे कौतुक या बायकांना बोचतं ते यामुळे. डॉक्टरनं शिकवलेलं नसतानाही लोकांनी आपापल्या युक्त्या शोधून काढलेल्या होत्या. जड कामं सकाळी उरकायची, मध्ये विश्रांती आधीच पेरून ठेवायची, काही गोष्टी चक्क सोडून द्यायच्या. घरोघरी विखुरलेलं हे शहाणपण गोळा करून त्याला शास्त्राच्या कसोटीवर लावणं, हे त्यांच्या पुढच्या संशोधनाचं सूत्र झालं.

दुसरं ऐकणं अडथळ्यांविषयीचं होतं. बेकर आणि स्टाइफबर्गन यांनी सहकाऱ्यांसह १९९१ मध्येच एक मापनश्रेणी तयार केली होती. अपंगत्व असलेल्या माणसाला तब्येतीची काळजी घेण्यापासून काय अडवतं, हे ती मोजते. वाहन नाही. पैसे नाहीत. मदतीला कोणी नाही. फार थकवा आहे. कुठं जायचं, कोणाला विचारायचं ते माहीत नाही. काही केल्यानं फरक पडेल असं वाटत नाही. मला त्यांच्या सगळ्या कामात ही यादी सर्वांत महत्त्वाची वाटते. आरोग्य वाढवता येतं असं म्हटलं, की पुढच्याच श्वासात ‘मग तू का वाढवलं नाहीस?’ असा ठपका रुग्णावर येऊ शकतो. आपल्याकडेही नातेवाईक किती सहज म्हणतात, ‘थोडं मनावर घे, हिंडाफिरायला लाग!’ अडथळ्यांची मोजणी हा ठपका पुसून टाकते. जिन्यापाशी लिफ्ट नसेल तर इच्छाशक्तीवर प्रवचन देण्यात अर्थ नाही, हे ती आकड्यांत सांगते.

या सगळ्याची एकत्र पडताळणी २००० साली प्रसिद्ध झाली. एमएस असलेल्या ७८६ जणांनी प्रश्नावल्या भरून दिल्या होत्या. त्यात ६३० स्त्रिया आणि १५६ पुरुष होते. आजाराची तीव्रता, अडथळे, मिळणारा आधार, स्व-सामर्थ्य, आजाराचा स्वीकार आणि आरोग्याच्या सवयी यांचा जगण्याच्या प्रतीशी काय संबंध आहे, हे त्यांनी एका गणिती प्रारूपात बसवून पाहिलं. माणसामाणसांत जीवनमानाचा जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ६६ टक्के फरक या घटकांनी उलगडला. समाजशास्त्रीय संशोधनात एवढा मोठा आकडा क्वचित हाती लागतो. त्यातही लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की आजाराची तीव्रता जीवनमानावर परिणाम करते खरी, पण त्यातला बराचसा या मधल्या घटकांमधून पोहोचतो. आधार, अडथळे, आत्मविश्वास आणि सवयी या मधल्या जागेत हात घालता येतो. व्रणांपर्यंत औषध पोहोचेल, नर्सला या जागेत काम करता येतं.

मग हात घालून पाहायचं ठरलं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एमएस असलेल्या ११३ स्त्रिया होत्या. सरासरी वय पंचेचाळीसच्या पुढे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक पद्धतीनं दोन गट पाडले. एका गटासाठी आठ आठवडे वर्ग भरले. व्यायाम, आहार, ताण, थकव्याशी जुळवून घेणं, स्त्रियांच्या तब्येतीचे प्रश्न, शरीरसंबंधांतल्या अडचणी असे त्यातले विषय. प्रत्येकीनं स्वतःचं ध्येय स्वतः ठरवायचं. त्यानंतर तीन महिने दूरध्वनीवरून पाठपुरावा. दोन्ही गटांची मोजमापं मिळून आठ महिने चालली. वर्गातल्या स्त्रियांचं स्व-सामर्थ्य वाढलं, आरोग्याच्या सवयी सुधारल्या, मानसिक स्वास्थ्य आणि वेदना यांच्या गुणांतही दुसऱ्या गटाच्या तुलनेत फरक पडला. शारीरिक क्षमतेच्या गुणांत तसा फरक दिसला नाही. आजार तिथंच होता, व्रण तिथंच होते. तरी वेदना कमी बोचत होती. आठ वर्ग आणि काही फोन यांनी एवढं साधत असेल, तर असे वर्ग प्रत्येक मज्जाविकार विभागाला जोडून का नाहीत, हे मला अजून समजत नाही. औषध विकणाऱ्याला नफा असतो, वर्ग भरवणाऱ्याला नसतो, हे त्याचं एक कारण असावं.

त्या वर्गांत व्यायामाचा विषय असणं हेही त्या काळात साधं नव्हतं. विसाव्या शतकात बराच काळ एमएसच्या रुग्णांना ‘दमू नका, घाम येऊ देऊ नका’ असं बजावलं जाई. त्यामागे निरीक्षण खरं होतं. १८९० मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी नोंदवलं होतं, की काही रुग्णांना व्यायामानंतर तात्पुरतं धूसर दिसतं. पुढे कळलं, की कारण शरीराच्या वाढलेल्या तापमानात आहे. मायलिन झिजलेल्या तंतूतून संदेश कसाबसा पार होत असतो, शरीराचं तापमान अर्ध्या अंशानं चढलं तरी तो अडू शकतो. एकेकाळी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते पाहत आणि त्यावरून निदान करत. पण हा त्रास शरीर थंड झालं की जातो, आजार त्यामुळे वाढत नाही. १९९६ मध्ये युटा विद्यापीठातल्या जॅक पेटाजन आणि सहकाऱ्यांनी १५ आठवड्यांच्या एरोबिक व्यायामाचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात दमसास वाढला आणि मनःस्थितीही सुधारली. तेव्हापासून वैद्यकाचं मत पालटू लागलं.

स्टाइफबर्गन यांनी हाच प्रश्न प्रयोगशाळेबाहेर, वर्षांच्या मापात पाहिला. एमएस असलेल्या लोकांना दरवर्षी टपालानं प्रश्नावली पाठवण्याचा त्यांचा अभ्यास १९९० च्या दशकात सुरू झाला. २००६ च्या लेखात ६११ जणांच्या पाच वर्षांच्या नोंदी आहेत. ज्यांचा व्यायाम टिकला किंवा वाढला, त्यांच्या हालचालींवरच्या मर्यादा सावकाश वाढल्या. ज्यांचा व्यायाम घटत गेला, त्यांच्या लवकर. यातून व्यायामानं अपंगत्व लांबतं असा थेट निष्कर्ष काढता येत नाही, कारण अपंगत्व वाढल्यामुळेही व्यायाम सुटतो. दोन्ही दिशा शक्य आहेत. पण व्यायाम घातक आहे, या जुन्या भीतीला त्यात काही आधार सापडला नाही. शिवाय टेक्ससमध्ये उन्हाळ्यात पारा महिनोन्‌महिने पस्तिशीच्या वर असतो. तिथं व्यायाम सांगणं म्हणजे पहाटेची वेळ, पोहण्याचा तलाव, गार पाणी आणि पंखा हे सारं सांगणं. विदर्भ-मराठवाड्यातल्या रुग्णांनाही हीच कसरत करावी लागते.

स्त्री आणि अपंगत्व या विषयाची आणखी एक बाजू त्यांनी उजेडात आणली. १९९७ मध्ये बेकर, स्टाइफबर्गन आणि मिंडी टिंकल यांनी शारीरिक अपंगत्व असलेल्या स्त्रियांच्या मुलाखती घेऊन एक लेख लिहिला. विषय होता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्यांना काय अनुभव येतो हा. तपासणीच्या उंच टेबलावर चढताच येत नाही. या बाईला शरीरसंबंध कुठले असणार, असं डॉक्टर परस्पर धरून चालतात, त्यामुळे गर्भनिरोधकांचा विषयही निघत नाही. आजाराचं नाव एकदा लागलं की बाकीचं शरीर तपासायचं राहून जातं. अभ्यास मोजक्या स्त्रियांचा होता, पण वाचताना आपल्या आसपासच्या किती जणी डोळ्यांपुढे येतात!

नंतरच्या वर्षांत त्या स्मरणशक्तीकडे वळल्या. १९९१ मध्ये स्टीफन राव यांनी दाखवलं होतं, की एमएस असलेल्या सुमारे ४३ टक्के लोकांमध्ये आकलन-स्मरणाच्या चाचण्यांत दोष दिसतो. विचारांचा वेग मंदावतो, ऐकलेलं निसटतं, एका वेळी दोन गोष्टी सांभाळणं जड जातं. पाय ठीक असूनही नोकरी सुटते ती पुष्कळदा यामुळे. स्टाइफबर्गन यांच्या गटानं ‘मॅप्स-एमएस’ नावाचा कार्यक्रम घडवला. आठवड्याला एक असे आठ गटवर्ग आणि घरी संगणकावर सराव. वर्गात युक्त्या शिकायच्या, घरी मेंदूला घोटून घ्यायचं. २०१२ मध्ये ६१ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला, २०१८ मध्ये अनेक केंद्रांवरच्या १८३ जणांवरचा. पहिल्या प्रयोगात शाब्दिक स्मरण आणि स्मरणाच्या युक्त्यांचा वापर यांत कार्यक्रम घेतलेला गट पुढे गेला. पण बऱ्याच चाचण्यांत दोन्ही गट सुधारले. तीच चाचणी पुन्हा दिल्यानं सराव होतो, कोणी आपल्याकडे लक्ष देतंय यानंही फरक पडतो. दुसऱ्या प्रयोगात तर तुलनेच्या गटालाही संगणकावरचे मोफत खेळ दिलेले होते. म्हणजे कार्यक्रमाची परीक्षा आणखी कडक केली होती. स्वतःच्या कल्पनेला असा अवघड पेपर देणारे संशोधक मला आवडतात.

या संशोधनाच्या मर्यादा मोठ्या आहेत. त्याचा भर लोकांनी स्वतःविषयी दिलेल्या उत्तरांवर आहे. भाग घेणाऱ्यांत गोऱ्या, शिकलेल्या, मध्यमवर्गीय स्त्रिया जास्त होत्या. उत्तर टेक्ससमधली कमावती बाई आणि सीमेजवळची स्पॅनिश बोलणारी मजूर बाई यांचे अडथळे एक नाहीत. कृष्णवर्णीयांमध्ये एमएस विरळा, असं वैद्यकानं बराच काळ मानलं, त्यामुळे त्यांचं निदानही लांबत गेलं. पुढे स्टाइफबर्गन यांच्या गटानं आफ्रिकन-अमेरिकी स्त्रियांच्या अनुभवांवर स्वतंत्र अभ्यास केला. तो आधी व्हायला हवा होता.

भारतातही अशीच समजूत होती. एमएस हा थंड प्रदेशातल्या गोऱ्यांचा आजार. मुंबईचे नामवंत मज्जाविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया आणि के. भाटिया यांनी १९९० मध्ये मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात तो लक्षणीय प्रमाणात असल्याचं दाखवून दिलं. एमआरआय यंत्रं आल्यावर तो सगळ्याच समाजांत सापडू लागला. रहमत फझलभॉय यांनी १९८५ मध्येच मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली होती. पुण्यातही तिची शाखा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचं नाव आहे, पण बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. दुपारचा थकवा आणि हरवणारे शब्द किती टक्के धरायचे? ऑस्टिनमध्ये घडवलेल्या श्रेण्यांसारख्या श्रेण्या मराठीत, इथल्या अडथळ्यांसह तयार झाल्या, तर वैद्यकीय मंडळापुढे बसलेल्या रुग्णाला निदान बोलायला भाषा मिळेल. त्या अडथळ्यांत एसटी स्टँडच्या पायऱ्या असतील, उकिडवं बसायचं स्वच्छतागृह असेल, ‘मुलीचं लग्न व्हायचंय, बाहेर सांगू नका’ हेही असेल. हे काम मज्जाविकारतज्ज्ञ एकटे करू शकणार नाहीत. आपल्या परिचर्या महाविद्यालयांतून एम.एस्सी. आणि पीएच.डी. करणाऱ्या परिचारिकांना हा विषय अगदी खुला आहे.

ऑस्टिनमधला तो टपालाचा अभ्यास दोन दशकांहून अधिक चालला. चाळिशीत पहिली प्रश्नावली भरलेल्या स्त्रिया त्या काळात साठीत पोहोचल्या. आजाराबरोबर म्हातारपण आलं आणि कोणतं दुखणं कशाचं, हे सांगणं त्यांनाही कठीण झालं. गुडघा आखडतो तो एमएसमुळे की वयामुळे? हाडं ठिसूळ झाली ती न चालण्यानं, स्टेरॉइडनं की रजोनिवृत्तीनं? ट्रेसी हॅरिसन यांच्यासारख्या त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी अपंगत्वासह म्हातारं होणं हाच अभ्यासाचा विषय केला. औषधांच्या चाचण्यांत बहुधा पंचावन्नच्या पुढच्यांना घेत नाहीत. या वयातल्या रुग्णांना औषध किती काळ द्यावं आणि कधी थांबवावं, हा वाद मज्जाविकारतज्ज्ञांत सध्या जोरात आहे. त्यांच्या जगण्याविषयी वर्षानुवर्षं विचारून ठेवलेली माहिती ज्या थोड्या ठिकाणी आहे, त्यांतलं एक ठिकाण म्हणजे ऑस्टिनचं नर्सिंग महाविद्यालय.